डाव्या बाजूची बोटं

१

रिटायर झाल्यावरही श्रीरंग खानझोडे सकाळी साडेसहाला तयार होऊन बसायचा. चौतीस वर्षं त्यानं कारखान्यात फौजी गाड्यांना रंग दिला होता. अंगात बसलेली वेळ दोन वर्षांत काही सुटली नव्हती. बायको प्रतिमा अजून नोकरीत होती आणि खमरियातलं सरकारी क्वार्टर तिच्या नावावर होतं. ती नवाच्या सुमारास स्कूटीवरून निघून गेली की मागचा व्हरांडा श्रीरंगचा.

धाकटा भाऊ आल्हाद रिछाईच्या कारखान्यांच्या भागात शेड टाकून होता. जुनी इंजिनं उघडायची आणि पुन्हा धावती करायची, हे त्याचं काम. दोघांत सहा वर्षांचं अंतर. आई लवकर गेली, त्यामुळे आल्हादला आंघोळ घालण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सगळं श्रीरंगनंच केलेलं. भांडण असं दोघांत कधी झालं नाही. श्रीरंगनं आयुष्यात कोणावर हात उगारलेला कोणी पाहिला नव्हता. रंगखात्यात त्याला सगळे ‘गाय’ म्हणायचे आणि तो हसायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर आल्हादच्या शेडमध्ये एक जुना फौजी ट्रक आला. शहरातल्याच गोरखपूर भागात राहणाऱ्या रामराव ढोबळ्यांनी तो लिलावात घेतला होता. रामराव फौजेतले. तरुणपणी त्यांनी असेच ट्रक चालवले होते, आणि आता सव्वीस जानेवारीला नातवंडांना मागे बसवून एक चक्कर मारायची त्यांची हौस होती. इंजिन आल्हादनं घेतलं, रंग श्रीरंगनं. तीन आठवड्यांत बॉडी झाली, चाकं झाली, राहिलं फक्त स्टेअरिंग. शेडमध्ये सदा लोखंड घासलं जायचं, ओल्या काळ्या रंगावर ती धूळ बसली की काम वाया. म्हणून श्रीरंगनं मधला नट काढून स्टेअरिंग सुटं केलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि घरी आणलं.

हात पसरून धरावं लागेल एवढं ते मोठं होतं. आत लोखंडी कडी, वरून टणक काळा रबरासारखा थर, त्याला जागोजाग भेगा. श्रीरंगनं ते सोड्याच्या पाण्यानं धुतलं, व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवलं आणि रेगमालच्या खरखरीत कागदानं घासायला घेतलं. काळा थर गेला, खाली हिरवा लागला. तो गेला, खाली पुन्हा काळा. चार वेळा कोणीतरी ते रंगवलं होतं, आणि घाईघाईत, आधीचं न घासता. वस्तू नवी दिसावी म्हणून दिलेला रंग वेगळा असतो आणि काही झाकायचं म्हणून दिलेला वेगळा, हे श्रीरंगला हातानंच कळायचं.

शेवटचा थर निघाला तेव्हा कडीवर हाताच्या खुणा दिसल्या. वर दोन्ही बाजूंना ड्रायव्हरचे हात जिथे असतात तिथे रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. त्यात नवल नव्हतं. पण डावीकडे, खालच्या अंगाला, आणखी चार खळगे होते. चार बोटांचे. श्रीरंगनं स्वतःची बोटं त्यात ठेवून पाहिली. ड्रायव्हरच्या जागी उभं राहून ती बसेनात. मग तो टेबलाच्या डाव्या बाजूला गेला, शेजारच्या सीटवर बसलेला माणूस हात लांब करील तसा त्यानं उजवा हात पुढे केला, आणि चारही बोटं खळग्यांत अलगद बसली.

त्यानं हात काढून घेतला. कोणी एकदा झटापटीत स्टेअरिंग ओढलं तर ओरखडा उठेल, खळगा पडणार नाही. एवढं खोल झिजायचं तर माणसानं शेजारी बसून ते रोज ओढायला पाहिजे. वर्षानुवर्षं. आणि ड्रायव्हरनं रोज धरून ठेवायला पाहिजे.

२

भेगा त्यानं टोकरून मोकळ्या केल्या, दोन भागांची पुट्टी कालवली आणि भेगांसोबत खळगेही भरून टाकले. संध्याकाळी नखानं दाबून पाहिलं, पुट्टी दगडासारखी झाली होती. बोटं फिरवली तर कडी सगळीकडे एकसारखी.

सकाळी भेगा भरलेल्या होत्या आणि डावीकडचे चारही खळगे परत होते.

पुट्टी बसते, हे त्याला माहीत होतं. हार्डनर कमी पडला, थंडी जास्त असली, की वाळताना ती आक्रसते. त्यानं स्वतःला तेच सांगितलं. पण आक्रसली तर भेगांतली का नाही आक्रसली? तो प्रश्न त्यानं बाजूला ठेवला, हार्डनर थोडा जास्त घातला आणि पुन्हा भरलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी प्रतिमा कामावर गेल्यावर त्यानं पुन्हा खळगे भरले, खुर्ची ओढली आणि समोर बसून राहिला. ऊन व्हरांड्यात आलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये कोणी कपडे आपटत होतं. दुपारी एकपर्यंत कडी होती तशी. मग स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि तो गॅस बंद करून आला. जाऊन येऊन मिनिटभर लागलं असेल.

खळगे पडले होते. या वेळी आणखी खोल. त्यानं बोट लावलं, पुट्टी कोमट होती. भिंग आणून पाहिलं तर तळाशी बारीक रेघा होत्या, माणसाच्या कातडीवर असतात तशा, गोल गोल.

आपलाच हात ओल्या पुट्टीला लागला असेल, असं तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, कोणी ऐकायला नसताना. मग त्याची नजर खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या रबरी हातमोज्यांकडे गेली. तिन्ही दिवस त्यानं ते घातले होते.

३

त्यानं प्रतिमाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? पुट्टी टिकत नाही म्हणून.

रविवारी दुपारी जेवणाच्या आधी प्रतिमाला व्हरांड्यातलं टेबल पाहिजे होतं, पापड वाळवायला. श्रीरंग न्हाणीत होता. ती आपणच स्टेअरिंग उचलायला गेली. ते जड, म्हणून तिनं दोन्ही हातांनी वरून धरलं. श्रीरंग टॉवेलला हात पुसत बाहेर आला, ‘थांब, मी घेतो’ म्हणाला आणि तिच्या डाव्या बाजूला उभा राहून त्यानं खालून हात घातला.

पुढचं नीट सांगणं दोघांनाही कधी जमलं नाही. श्रीरंगला आठवत होतं ते एवढंच की ती सोडत नव्हती. आणि तिनं ते सोडावं, आत्ता सोडावं, यापलीकडे त्याच्या डोक्यात काही उरलं नव्हतं. त्यानं ओढलं, तिनं ओढलं. टेबल आडवं झालं, रंगाचे डबे गडगडले. सत्तावीस वर्षांच्या संसारात आवाज न चढवलेली बाई दात आवळून त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटत होती. तिनं वाकून त्याच्या मनगटाचा चावा घेतला. श्रीरंगनं डाव्या हाताची मूठ वळली आणि तिच्या कानशिलावर मारली. एकदा. मग पुन्हा एकदा. ती दारावर आदळली, तिच्या हातातून कडी सुटली, आणि सगळं थांबलं.

नळ चालू होता. तो आवाज तेवढा येत होता.

तिच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं. त्यानं पुढे व्हायला पाऊल उचललं तशी ती भिंतीला लागली.

“सोडत काहून नव्हते तुम्ही?” ती म्हणाली.

“मी? तू ओढून राहिली होतीस, प्रतिमा.”

“मला तर ते फक्त खाली ठेवायचं होतं.”

त्यानं स्टेअरिंग चादरीत गुंडाळून सामानाच्या खोलीत नेऊन ठेवलं. संध्याकाळी तिच्या भुवईला तीन टाके पडले. दवाखान्यात तिनं पाय घसरला असं सांगितलं. त्या दिवसापासून तो जवळून गेला की तिचे खांदे उचलले जायचे. तिच्याही नकळत. श्रीरंगला ते दिसायचं आणि तो वाट वाकडी करून जायचा.

४

शहाण्या माणसानं ते तसंच परत नेऊन दिलं असतं. श्रीरंगच्या मनातही आलं. पण काय म्हणून द्यायचं? आल्हाद हसला असता. आणि बायकोवर हात का उचलला, याचं कारण एका लोखंडी कडीवर ढकलणारा माणूस स्वतःलाच कसा पटला असता? रंग मारायचा, बसवून टाकायचं, घरातून वस्तू गेली की झालं, असं त्यानं ठरवलं.

या वेळी पुट्टी राहिली. त्यानं पुरतं वाळूही दिलं नाही, लगोलग प्रायमर मारला. बारीक रेगमाल, पाणी, पुन्हा प्रायमर. मग स्प्रे गननं काळ्याचे तीन हात. शेवटचा हात असा उतरला की त्यात व्हरांड्याची जाळी दिसत होती. चौतीस वर्षांत इतकं स्वच्छ काम त्याच्या हातून मोजकंच झालं होतं. सामानाच्या खोलीत छताच्या हुकाला तार बांधून त्यानं ते वाळायला लटकवलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आवाज आला. तार पिळली जाते तसा, करकर, थांबून थांबून. खोलीत खिडकी नव्हती आणि पंखा बंद होता. श्रीरंगनं दार ढकललं.

स्टेअरिंग फिरत होतं. तारेला लटकलेली वस्तू एका दिशेनं फिरत जाते, पीळ संपला की उलटी येते. हे तसं नव्हतं. ते बोटभर डावीकडे जायचं, परत उजवीकडे यायचं, पुन्हा बोटभर डावीकडे. सरळ लांब रस्त्यावर ड्रायव्हर हात हलता ठेवतो ना, अगदी तसं. मग एकदम डावीकडे हिसका बसला आणि तार ताणली गेली. क्षणभर ते तसंच, तिरपं, थरथरत राहिलं, जणू दोघांनी दोन बाजूंनी धरलं आहे.

श्रीरंगनं दार ओढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत अंगणात बसून राहिला.

शनिवारी त्यानं ते शेडमध्ये नेऊन बसवलं. बसवताना आल्हादला हात लावू दिला नाही. रामराव बघायला आले होते. ट्रकभोवती फिरले, बॉडीवर थाप मारली, खूश झाले. मग कॅबिनच्या पायरीवर चढून आत डोकावले. श्रीरंगला वाटलं, आता बसतील. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“डावीकडचं भरलं तुम्ही?” त्यांनी विचारलं.

रंग काढलेलं स्टेअरिंग त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तुम्हाला कसं माहीत, असं श्रीरंगनं विचारलं. रामराव म्हणाले, सगळ्या जुन्या ट्रकांचं तिथंच झिजतं. श्रीरंगच्या हाताखालून दुरुस्तीला आलेल्या अशा शेकडो जुन्या गाड्या गेल्या होत्या. एकीचंही तिथं झिजलेलं नव्हतं. तो काही बोलणार तेवढ्यात रामराव खाली उतरले, आधी तुम्हीच चालवून बघा असं आल्हादला सांगितलं आणि ऑटो करून निघून गेले.

५

रविवारी रिछाईचे रस्ते मोकळे असतात. कारखाने बंद, चौकीदार उन्हात खाटा टाकून बसलेले. दुपारी अडीचला आल्हादनं ट्रक बाहेर काढला. अंगात अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, गळ्यात गमछा, आणि चेहऱ्यावर लहानपणी सायकल शिकताना असायचा तसा आनंद. श्रीरंगनं शेजारी बसायचं नाही असं रात्रीच ठरवलं होतं. पण आल्हाद दार उघडं धरून उभा होता, दादा चल, तुझ्याशिवाय काय मजा, म्हणत होता. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. श्रीरंग चढला. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून घेतले.

ट्रक चालू झाला. इंजिनाचा आवाज एवढा मोठा की आल्हादचं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलताना दिसत होते. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल एवढ्या वेगानं, ते गल्ली पार करून मोठ्या भिंतीच्या कडेच्या रस्त्याला लागले. समोर काच, त्यावर धूळ, डॅशबोर्डावर आल्हाद विसरलेला मोठा पाना खडखडत होता. श्रीरंग स्टेअरिंगकडे बघत नव्हता. बघायचं नाही म्हणून तो भिंतीकडे बघत होता.

मग त्याला दिसलं की भिंत जवळ येत नाहीये. ती जवळ यायला पाहिजे होती. असं का वाटलं, हे त्याला सांगता आलं नसतं. ट्रक डावीकडे जायला पाहिजे आणि हा माणूस तो सरळ धरून आहे. किती वर्षं धरून आहे. राग पोटातून आला, उकळत्या तेलासारखा, आणि त्यात कोणाचं नाव नव्हतं, तोंड नव्हतं. त्याचा उजवा हात मांडीखालून निघाला तो त्यानं पाहिला. हात स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला गेला. नव्या गुळगुळीत रंगाखाली चार खळगे त्याच्या बोटांची वाट बघत होते.

त्यानं ओढलं. शेजारून काही ओरडणं ऐकू आलं. ट्रक हेलकावला. समोर दोन हात कडी घट्ट धरून होते. नखं मुळापासून कापलेली, बोटांच्या पेरांवर दाट केस, जोरानं पांढरी पडलेली कातडी. सोड, असं तो म्हणाला. सोड, सोड. डाव्या हातानं त्यानं डॅशबोर्डावरचा पाना उचलला आणि जवळच्या हाताच्या बोटांवर मारला.

बोटं सुटली नाहीत. त्यानं पुन्हा मारलं. हाड तुटताना हलकासा आवाज येतो, इंजिनाच्या आवाजातही तो वेगळा कळतो. तिसऱ्या फटक्याला नख उडालं. चौथ्याला रक्त काळ्या रंगावरून ओघळून त्याच्या मनगटापर्यंत आलं, आणि ते थंड होतं. हे त्याला कळलं, तरी हात थांबला नाही. मोडलेली बोटंही कडीला धरूनच होती. मोडलेल्या हाताची बाही मनगटापर्यंत बंद होती, खाकी, बटण लावलेली. ती आणि बोटं, एवढंच त्याला दिसत होतं. त्यानं मान वर करून तोंड पाहायला पाहिजे होतं. पण तेवढं धैर्य त्या रागातही त्याला झालं नाही.

मग भिंत आली.

६

दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा कपाळाला पट्टी होती. नर्सनं सांगितलं, तुमचा भाऊ पलीकडच्या वॉर्डात आहे. श्रीरंगनं विचारलं, हात? तिला कळलं नाही, ती दुसऱ्या पेशंटकडे गेली.

तो भिंत धरून उठला. वॉर्डाच्या दारापाशी त्याला दहा मिनिटं तरी आत जाववेना. आल्हादची बोटं. त्याच बोटांना धरून त्यानं त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. त्याच बोटांवर आल्हादचं घर चालत होतं. काय म्हणायचं आता? मी नव्हतो, असं?

आल्हाद डोळे उघडे ठेवून पडला होता. उजवा पाय प्लास्टरमध्ये. गळ्यापर्यंत चादर. श्रीरंग खाटेजवळ गेला आणि त्यानं चादर बाजूला केली.

दोन्ही हात धड होते. ग्रीसचे डाग, अंगठ्यावरचा जुना व्रण, आणि दहाच्या दहा बोटं. साधा ओरखडाही नव्हता.

श्रीरंग तिथेच जमिनीवर बसला. आल्हाद म्हणाला की तू स्टेअरिंगला हात घातलास, मी तुझं तोंड पाहिलं आणि दार उघडून उडी टाकली. पाय त्यातच मोडला. ट्रक पुढे तीसेक पावलं गेला.

“मी रस्त्यावर पडल्या पडल्या बघत होतो,” आल्हाद म्हणाला. “तू पाना मारून राहिला होता, दादा. कोणाला मारून राहिला होता?”

भिंतीजवळच्या कारखान्याचा चौकीदार त्यांना दवाखान्यात घेऊन आला होता. तो अजून बाहेर बाकावर बसला होता. श्रीरंगनं त्याला विचारलं, ट्रकमध्ये आणखी कोण होतं. चौकीदाराला प्रश्नाचं नवल वाटलं.

“दूसरे भैया तो उतर के चले गए जी. हाथ बगल में दबाए थे. बहुत खून था,” तो म्हणाला. त्यानं हाक मारली होती, दवाखान्यात चला म्हणून. त्या माणसानं मान हलवली आणि मोठ्या रस्त्यावर जाऊन बस पकडली. लोकांनी त्याला जागा करून दिली, हेही त्यानं पाहिलं होतं. कुठली बस, असं श्रीरंगनं विचारलं.

खमरियाची.

७

प्रतिमा फोन उचलत नव्हती. श्रीरंगनं ऑटो केला आणि रस्ताभर नंबर लावत राहिला. क्वार्टरसमोर उतरला तेव्हा ऊन अजून होतं, पोरं मैदानात क्रिकेट खेळत होती. दार उघडं. पायरीवर रक्ताचे थेंब, पुसायचा प्रयत्न केलेले.

प्रतिमा बैठकीत उभी होती. मधल्या टेबलावर कापूस, डेटॉलची बाटली, गुलाबी झालेल्या पाण्याचं तसराळं. ती धड होती. श्रीरंगनं चौकट धरली.

“कोण आलं होतं?” त्यानं विचारलं.

ती सांगत होती तेव्हा त्याच्याकडे बघत नव्हती. साधा माणूस होता, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला, फार हळू बोलणारा. पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. तिनं हात पाहिला तर चार बोटांचा चेंदा झालेला. तिनं धुतला, पट्टी बांधली, दवाखान्यात चला म्हणून विनवलं. तो तिच्या भुवईवरचे टाके बघत राहिला.

“मी विचारलं, कोणी केलं हे,” प्रतिमा म्हणाली. “त्यानं तुमचं नाव सांगितलं.”

“प्रतिमा, तो माणूस नाहीये. ऐक माझं.”

“माणूस नाहीये म्हणून मारलं?” तिनं आता वर पाहिलं. “मी काय होती मग त्या दिवशी?”

तो माणूस कुठे गेला, एवढंच त्यानं विचारलं.

“काहून? राहिलेल्या हाताची बोटं मोडायची आहेत?” ती मागे सरकत आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. “तो म्हणाला, दीदी, या माणसासोबत राहू नका. हा सोडणार नाही.”

एवढं बोलून ती आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

श्रीरंग बैठकीत एकटा उभा राहिला. बाहेर कोणी तरी आऊट झालं, पोरांचा गलका आला. त्यानं ठरवलं की ओरडायचं नाही, हात लावायचा नाही, दाराबाहेर बसून सगळं पहिल्यापासून सांगायचं. ती ऐकेल. रात्रभर लागली तरी चालेल. तो दाराजवळ गेला. त्या दाराला आतून कडी नव्हती, पावसाळ्यात ती निखळून पडली होती आणि लावायची राहून गेली होती. म्हणजे ती नुसतं धरून उभी असणार.

“प्रतिमा,” तो हळूच म्हणाला, “दार उघड. मी काही करणार नाही.”

त्याचा उजवा हात दाराच्या मुठीवर गेला होता. केव्हा गेला, त्याला कळलं नव्हतं. त्यानं तो काढून घ्यायचा प्रयत्न केला आणि हात ओढायला लागला. आधी हळू, मग अंगातला सगळा जोर लावून. चौकट करकरली, पलिस्तर खाली पडलं. दार जागचं हललं नाही. आतून कोणीतरी ते तेवढ्याच जोरानं धरून होतं, आणि एवढी ताकद प्रतिमाच्या अंगात कधीच नव्हती.